इंग्रजी वाक्प्रचार : शब्दार्थापेक्षा प्रसंग महत्त्वाचा

'मुसळधार पाऊस' असे म्हणताना आभाळातून मुसळे पडत असल्याचे चित्र कोणाच्याही मनात येत नाही. मूळ शब्दार्थ मागे पडून सारा शब्दसमूह मिळून एकच अर्थ देतो. इंग्रजीचेही तसेच आहे; परंतु वर्गात शिकविताना याचा बहुधा विसर पडतो.

सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाते. मुलांना शब्दार्थ पाठ असतात. बोलण्याची वेळ आली की मात्र ती मराठी वाक्य मनात जुळवून शब्दाला शब्द लावीत जातात. मग 'माझे डोके दुखते' याचे 'माय हेड इज पेनिंग' होते. इंग्रजीतील रूढ प्रयोग 'आय हॅव अ हेडेक' असा आहे. 'मला दोन भाऊ आहेत' यातील 'मला'चे भाषांतर करू पाहणारे मूल अडखळते. 'आय हॅव टू ब्रदर्स' हे वाक्य अखंड ऐकलेले मूल अडखळत नाही.

चुकीच्या वाक्याला वर्ग हसतो, आणि हसे झालेले मूल पुन्हा तोंड उघडीत नाही. भाषेची चूक पुढे सुधारता येते. खचलेला धीर सहजी परत येत नाही. म्हणून शिक्षकाने मुलास न हिणवता योग्य वाक्य स्वतः उच्चारावे व साऱ्या वर्गाकडून म्हणवून घ्यावे. त्यामुळे चुकलेले मूल एकटे पडत नाही.

प्रयोग निवडताना त्यांची उपयुक्तता पाहावी. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हा वाक्प्रचार पुस्तकांत भेटतो, पण आजच्या बोलण्यात क्वचित येतो. मुलांस 'इट इज रेनिंग हेविली' अधिक उपयोगी. वरच्या वर्गांत 'डाव्या हातचा मळ' आणि 'अ पीस ऑफ केक' अशा जोड्या द्याव्यात. एकात मळ, दुसऱ्यात केक. शब्दांत साम्य नसूनही दोहोंचा आशय 'अगदी सोपे काम' हाच, हे मुलांनीच शोधून काढावे.

आठवड्यास चार प्रयोग पुरेत. प्रत्येकास शाळेतील खराखुरा प्रसंग जोडावा. उशीर झालेल्या मुलाने 'सॉरी, आय ॲम लेट' म्हणावे; न समजल्यास 'प्लीज से इट अगेन' म्हणावे. शनिवारी उजळणी घेताना अर्थ विचारू नये. प्रसंग सांगावा आणि 'अशा वेळी तू काय म्हणशील?' एवढेच विचारावे.