आईची पुडी

कोल्हापूर

चि. संग्रामस अनेक आशीर्वाद.

आईच्या गुडघ्यांसाठी तू आणतोस त्या बिननावाच्या पुडीबद्दल फोनवर नीट बोलता आलं नाही. ती जिना चढायला लागली, भूक वाढली, चेहरा भरला, हे तू आनंदानं सांगितलंस. मला त्या भरलेल्या चेहऱ्याचीच काळजी लागली आहे. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

आपल्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड बनवतात. दाह आवरणं हे त्याचं एक काम. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका बाईला त्याच जातीचं कॉर्टिसोन टोचलं आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. 1950 चं नोबेल या कामाला मिळालं. पण चेहरा सुजणं, साखर चढणं, हाडं ठिसूळ होणं हेही मागोमाग दिसू लागलं. शिवाय बाहेरून आयतं मिळालं की ग्रंथी आपलं काम सोडून देतात. म्हणून घाबरून पुडी एकदम तोडू नकोस, रक्तदाब कोसळू शकतो. आईला सीपीआर रुग्णालयात ने. उरलेली पुडी टाकून न देता डॉक्टरांना दाखव आणि ते सांगतील तसंच कर.

आता त्या दाहाबद्दल थोडं. वयाबरोबर शरीरात बारीक दाह सुरूच राहतो. इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी 2000 साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ म्हटलं. पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं, त्याचा धाक सुटतो आणि प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन-6 सारखे दाहाचे निरोप जास्त धाडू लागतात. पोटातली चरबीही तेच करते. आई कुठं जाड आहे, असं म्हणशील. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यूडकिन यांचा फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र यूडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आपल्याकडची सडपातळ माणसं अशी फसवतात.

तू तालमीत घाम गाळला आहेस, तेव्हा पुढचं तुला लवकर पटेल. राबणारा स्नायूसुद्धा इंटरल्यूकिन-6 सोडतो. पण तो थोडा वेळ, आणि त्याच्या पाठोपाठ दाह शमवणारं इंटरल्यूकिन-10 वाढतं. कोपनहेगनच्या बेन्टे पेडरसन यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. एकच रेणू, पण चरबीतून सतत झिरपला तर दाह पोसतो आणि स्नायूतून आला तर आवरतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आईला बैठका मारायला लावू नकोस हो. डॉक्टरांनी होकार दिला की खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, जमेल तितकं, रोज. मांडीला बळ आलं की गुडघ्यावरचा भार हलका होतो. आणि तूही तिच्याबरोबर कर. तालीम सुटल्यापासून तुझं पोट सुटलंय, ते मागच्या खेपेला मी पाहिलं आहे.

वहिनींना नमस्कार. डॉक्टर काय म्हणतात ते त्याच दिवशी कळव.

तुझा,
काका