रात्रीचे संगीत आणि शेजाऱ्याची झोप : खर्च कोणी सोसावा?

शहराला संगीतही हवे असते आणि झोपही हवी असते. दोन्ही मागण्या रास्त आहेत. अडचण एवढीच, की पुष्कळदा त्या एकाच वेळी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहतात. असा तंटा निर्माण झाला म्हणजे आपण तो पोलिसांचा किंवा फार तर शिष्टाचाराचा प्रश्न समजतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात खर्चाच्या वाटणीचा प्रश्न दिसावयास हवा. आवाज अडविण्यास पैसा लागतो. तो कोणी घालावयाचा? ऑस्ट्रेलियातील शहरांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे.

एक जुना खटला

प्रथम इंग्लंडमधील १८७९ सालचा ‘स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन’ हा खटला पाहू. लंडनमध्ये एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या स्वयंपाकघरात खलबत्त्यात साखर वगैरे कुटत असे. शेजारी एक डॉक्टर राहावयास आला. काही वर्षे तक्रार नव्हती. पुढे डॉक्टरने त्याच भिंतीला लागून रोगी तपासण्याची खोली बांधली आणि खलबत्त्याचा त्रास होऊ लागला. मिठाईवाला आधीपासून तेथे होता, तरी न्यायालयाने निकाल डॉक्टरच्या बाजूने दिला. ‘मी आधी आलो’ हा बचाव टिकला नाही.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांनी १९६० साली सामाजिक खर्चावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात हाच खटला घेतला. त्यांचे म्हणणे असे, की येथे नुकसान एकतर्फी नाही. डॉक्टरला वाचविले तर मिठाईवाल्याचे नुकसान, मिठाईवाल्याला वाचविले तर डॉक्टरचे. वाटाघाटींना काहीच खर्च येत नसेल, तर हक्क कोणालाही दिला तरी दोघे आपसात देवघेव करून कमी नुकसानीचा मार्ग काढतील. पण एका रस्त्यावर वीस संगीतगृहे आणि हजार बिऱ्हाडे असतील तर त्यांनी एकत्र बसून सौदा करणे अशक्यप्राय आहे. म्हणून तेथे नियम लागतो.

ऑस्ट्रेलियातील उत्तर

जुन्या वस्तीत संगीतगृहे निघतात, त्यामुळे भाग गजबजतो, जागेला भाव येतो, मग तेथे नव्या सदनिका उभ्या राहतात आणि नवे रहिवासी आवाजाची तक्रार करतात. ज्या संगीतामुळे जागेचे मोल वाढले, तेच संगीत त्या मोलापायी हद्दपार होते.

ब्रिस्बेन येथील फोर्टिट्यूड व्हॅली या भागासाठी २००६ साली ‘विशेष मनोरंजन क्षेत्र’ आखण्यात आले. या क्षेत्रातील ध्वनिवर्धकावरील संगीताचे नियमन नगर परिषदेकडे आले. संगीतगृहांना तिचा परवाना घ्यावा लागतो व ठरलेली ध्वनिमर्यादा पाळावी लागते. त्याबरोबरच क्षेत्रात नवी निवासी इमारत बांधणाऱ्यास ध्वनिरोधक बांधकाम करावे लागते. म्हणजे ओझे दोघांवरही आहे.

मेलबर्नमध्ये जानेवारी २०१० मध्ये ‘द टोट’ हे नावाजलेले संगीतगृह परवान्याच्या खर्चिक अटींपायी बंद पडले. पुढच्याच महिन्यात हजारो संगीतप्रेमींनी मोर्चा काढला. ‘द टोट’ त्याच वर्षी पुन्हा सुरू झाले. २०१४ साली व्हिक्टोरिया राज्याच्या नियोजन नियमांत ‘बदल करणाऱ्याची जबाबदारी’ हे तत्त्व घालण्यात आले. चालू संगीतगृहापासून ५० मीटरच्या आत नवी घरे बांधावयाची असतील तर ध्वनिरोधाचा खर्च बांधणाऱ्याचा. उलट, घरे आधीची आणि संगीतगृह नवे असेल तर खर्च संगीतगृहाचा. स्टर्जेस खटल्यात अमान्य झालेला ‘आधी कोण’ हा प्रश्न येथे पुन्हा मानाने परतला आहे.

सिडनीने प्रथम वेगळी वाट धरली. रात्रीच्या मारहाणीच्या घटनांनंतर २०१४ साली शहराच्या मध्यभागात रात्री दीडनंतर नव्या गिऱ्हाइकास प्रवेशबंदी व तीननंतर मद्यविक्रीस बंदी आली. मध्यभागातील बहुतेक ठिकाणी ही प्रवेशबंदी २०२० च्या आरंभी, तर किंग्ज क्रॉस येथे २०२१ मध्ये उठली. पुढे तेथील एनमोर रोडवर २०२२ साली विशेष मनोरंजन क्षेत्राचा प्रयोग सुरू झाला. या कायद्याप्रमाणे परिषदेने ध्वनिनियमनाची योजना प्रसिद्ध करावयाची असते आणि तेथे राहणाऱ्यांना व राहावयास येणाऱ्यांना या क्षेत्राची कल्पना द्यावयाची असते. घर घेणाऱ्याला आधी कळले, तर तो भाव करताना ते हिशेबात धरू शकतो.

दोन मर्यादा

या तत्त्वामागे काटकसरही आहे. इमारत बांधताना दुहेरी काचा व जाड भिंती घालणे हे उभ्या इमारतीत फेरफार करण्यापेक्षा स्वस्त पडते. तथापि त्याच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. ढोलासारखा खर्जाचा ध्वनी भिंतीतून सहज पार होतो आणि नेहमीच्या ‘ए’ मापनात तो कमी मोजला जातो. म्हणून केवळ एका आकड्यावर विसंबता येत नाही. दुसरे असे, की मैफल सुटल्यावर रस्त्यावर होणारा गलका भिंत जाड केल्याने थांबत नाही. तेथे गस्त, वाहतूक आणि रात्रीची बस यांचीच गरज असते.

आपल्याकडे

भारतात ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू आहेत. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ व ५५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. रुग्ण, वृद्ध व परीक्षार्थी यांच्या दृष्टीने हे नियम मोलाचे आहेत, याविषयी दुमत नसावे. पण त्यांचीही किंमत आहे. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ गदगच्या भीमसेन जोशींनी पुण्यात सुरू केलेला महोत्सव एके काळी रात्रभर चाले. या निर्बंधामुळे त्याला वेळ आवरती घ्यावी लागली आणि उत्तररात्रीचे राग त्या मंचावरून दुर्मीळ झाले.

आपला नियम घड्याळ व विभाग पाहतो. आधी कोण आले, हे पाहत नाही. गावाबाहेर मोकळ्यावर बांधलेल्या मंगल कार्यालयाभोवती पुढे वसाहत उभी राहते, तेव्हा काय करावे? झोपेचा हक्क कमी करावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु तेथे घरे बांधण्यास परवानगी देतानाच नगरपालिकेने बांधणाऱ्याकडून भिंती-खिडक्यांची हमी घ्यावी, घर घेणाऱ्यास लेखी कल्पना द्यावी, आणि वस्तीत नवे कार्यालय काढणाऱ्यावर हीच अट उलट बाजूने घालावी, एवढे करणे शक्य आहे. भांडण पोलीस चौकीत पोहोचल्यावर मिटविण्यापेक्षा ते नकाशा मंजूर करतानाच टाळणे दोन्ही शेजाऱ्यांना स्वस्त पडेल.