सावली, सूर्य आणि किब्ला

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम

मे महिन्याच्या 13 तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास आमच्या जांबे गावात मकतबची मुले अंगणात गोळा झाली होती. मी जमिनीत एक सरळ काठी रोवली होती. तिची सावली आखूड होत होत बुंध्याशी आली आणि 12 वाजून 31 मिनिटांच्या आसपास पार नाहीशी झाली. सात वर्षांच्या एका मुलाने विचारले, ‘‘मौलाना, सावली गेली कुठे?’’

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर मला दोन ठिकाणांहून आणावे लागले: मदरशात शिकलेल्या फिकहच्या पाठातून आणि शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातून. याच प्रश्नाने पुढे पंधरवड्यात आमच्या जमाअतीची एक अवघड गाठ सोडवली. ती हकीकत आणि तिच्यातून मिळालेला धडा तुमच्यापुढे ठेवतो.

सावलीचा पाठ

जुहर आणि असरची वेळ आपल्या फुकहांनी सावलीवरून ठरवली आहे. सूर्य माथ्यावरून ढळला की जुहर सुरू होते. ढळण्याच्या क्षणी वस्तूची जी सावली उरते, तिला ‘साया-ए-अस्ली’, म्हणजे मूळ सावली म्हणतात. ही मूळ सावली वगळून उरलेली सावली वस्तूएवढी झाली की इमाम शाफई (रह.) यांच्या आणि हनफी परंपरेतील इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) यांच्या मते असर सुरू होते. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या प्रसिद्ध मतानुसार ती वस्तूच्या दुप्पट व्हावी लागते.

ही मूळ सावली वर्षभर सारखी नसते. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे माध्यान्हीचा सूर्य कधी दक्षिणेला, तर कधी उत्तरेला सरकतो. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे एक मीटरच्या काठीची माध्यान्हीची सावली सुमारे 90 सेंटिमीटर असते आणि ती उत्तरेकडे पडते. 13 मेच्या सुमारास ती शून्य होते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. 30 जुलैच्या सुमारास ती पुन्हा एकदा नाहीशी होते. सारा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे हे दोन शून्य सावलीचे दिवस राज्यातल्या प्रत्येक गावाच्या वाट्याला येतात; फक्त तारखा गावागणिक बदलतात.

माध्यान्ह बरोबर बाराला का होत नाही, हेही मुलांनी विचारले. आपले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला राहतो. त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी 35 मिनिटे मागे चालतो. मुंबईत 1955 पर्यंत जुनी ‘बॉम्बे टाइम’ टिकून होती. ती भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे असे. घड्याळाची वेळ माणसे आपसांत ठरवून घेतात, पण सूर्याची वेळ कोणत्याही कार्यालयाने ठरवलेली नाही.

दिव्य कुरआनात सूरह अल-फुरकानच्या 45 व्या आणि 46 व्या आयतींत अल्लाह आपले लक्ष याच सावलीकडे वेधतो. तो ती कशी पसरवतो, त्याने इच्छिले असते तर ती एका जागी स्थिर कशी राहिली असती, सूर्याला तिचा मार्गदर्शक कसे केले आणि तिला हळूहळू आपल्याकडे कसे ओढून घेतले, याचा विचार करण्याचे तिथे आवाहन आहे. मदरशात या आयतींची तफसीर मी वाचली होती आणि तिच्यावर परीक्षाही दिली होती. पण काठी रोवून उन्हात उभा राहिलो तो त्या दिवशी प्रथमच, हे कबूल केले पाहिजे.

एक तिरकी सफ

आता मूळ हकीकत. जांबे हे मुळशी तालुक्यातले गाव. हिंजवडीच्या कंपन्या जवळ आल्या तशी इथली शेते कमी झाली आणि इमारती वाढल्या. बांधकामावरचे मजूर, जुने रहिवासी आणि संगणकावर काम करणारे तरुण अशा सगळ्यांची नमाज पत्र्याच्या एका खोलीत होते. चार वर्षांपासून तिथे इमामत माझ्याकडे आहे.

एप्रिलमध्ये एका तरुणाने नमाजनंतर मोबाईल पुढे धरला. ‘‘मौलाना, आपला किब्ला चुकलाय. हे बघा.’’ त्याचे म्हणणे खरे असण्याची शक्यता होती, पण स्वर बोचरा होता. तेवढ्यात दुसऱ्याने आपला मोबाईल काढला. त्याने तिसरीच दिशा दाखवली. वर पत्रा, भिंतीत सळया आणि बाजूला लोखंडी कपाट. मोबाईलमधील होकायंत्र चुंबकावर चालते आणि लोखंडाजवळ ते भरकटते, हे त्या क्षणी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

खोली बांधणारे आणि सफेची पहिली रेघ ओढणारे वयोवृद्ध गवंडी चाचा तिथेच बसले होते. ते म्हणाले, ‘‘आता मोबाईल आम्हाला किब्ला शिकवणार का?’’ दुसऱ्या दिवसापासून चार-पाच तरुण सफेत तिरके उभे राहू लागले. ज्या सफेत खांद्याला खांदा लागायचा, तिच्यात फट पडली.

वाचकहो, तेव्हा माझ्या मनात आलेला विचार लपवणार नाही. वाटले, विषय दाबून टाकावा. चार वर्षे मीच पुढे उभा होतो. चूक निघाली तर पहिले बोट माझ्याकडेच येणार होते. दोन रात्री मी या विचाराने अस्वस्थ होतो. तिसऱ्या दिवशी फज्रनंतर जमाअतीला सांगितले, ‘‘मलाही खात्री नाही. मी कधी तपासले नाही. आपण मिळून तपासू आणि तोवर एकाच सफेत उभे राहू.’’

जेव्हा काबागृहावर सूर्य येतो

तपासायचे कसे, याचे उत्तर त्याच सावलीने दिले. मक्का सुमारे 21.4 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे तेही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य काबागृहाच्या बरोबर माथ्यावर येतो: 27 किंवा 28 मे रोजी आणि 15 किंवा 16 जुलै रोजी. त्या क्षणी मक्केत उभ्या वस्तूला सावली नसते. आणि त्याच क्षणी जगात जिथे जिथे सूर्य दिसत असेल, तिथे सूर्याच्या रोखाने तोंड केले की ते काबागृहाच्या रोखाने होते. आपल्या घड्याळानुसार ही वेळ मे महिन्यात दुपारी 2 वाजून 48 मिनिटांची आणि जुलैत 2 वाजून 57 मिनिटांची असते. जुलैत मुळशीच्या पावसात सूर्य कुठला दिसायला! म्हणून आमच्या हाती मे होता.

हे ज्ञान नवे नाही. अल-बिरूनी यांनी शहरांचे अक्षांश-रेखांश ठरवण्यावर लिहिलेला ग्रंथ 1025 मध्ये पूर्ण केला. किब्ल्याची अचूक दिशा काढणे हे त्यामागचे एक मोठे कारण होते. सावल्यांवरही त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजच्या वेळा ठरवणारे इब्न अश-शातिर हे मोठे खगोलशास्त्रज्ञ होते. 1371 मध्ये त्यांनी त्या मशिदीच्या मिनारासाठी छायायंत्र घडवले. त्यांच्यासाठी गणित आणि इबादत या परक्या गोष्टी नव्हत्या.

27 मे रोजी आम्ही जमलो, पण ऐन वेळी ढग आले. 28 मे रोजी जुहरनंतर पुन्हा जमलो. मी मुद्दाम चाचांकडे गेलो आणि म्हणालो, ‘‘चाचा, ओळंबा तुमच्याइतका सरळ कोणी धरत नाही.’’ ते काही क्षण गप्प राहिले, मग उठले. अंगणात बांबूच्या तिकाटण्यावरून त्यांनी ओळंबा सोडला. 2 वाजून 48 मिनिटांनी, ज्याने प्रथम मोबाईल दाखवला होता त्याच तरुणाने, दोरीच्या सावलीवर खडूने रेघ ओढली. मग चाचांनी सुतळी आणि गुण्या लावून ती रेघ खोलीच्या फरशीवर आणली. कंपासपेटीतल्या कोनमापकाने आम्ही अंतर मोजले. जुन्या रेघेत आणि नव्या रेघेत सुमारे 35 अंशांचा फरक होता.

तो का पडला, हेही उलगडले. चाचा म्हणाले, ‘‘डिसेंबरात पाया घेतला. मगरिबला सूर्य बुडाला, त्या रोखाने दोरी धरली.’’ सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो तो फक्त 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या सुमारास. डिसेंबरअखेरीस आपल्याकडे तो पश्चिमेच्या जवळपास 25 अंश दक्षिणेला मावळतो. आणि इथून किब्ला पश्चिमेच्या सुमारे 11 अंश उत्तरेला आहे. चाचांनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी सूर्यालाच विचारले होते. फक्त महिना विचारात घेतला नव्हता.

‘माझ्या भावाच्या नमाजचं काय?’

मला वाटले होते, आता वाद होईल. तसे झाले नाही. चाचा फरशीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘मौलाना, माझं जाऊ द्या. मी आता वळेन. माझ्या धाकट्या भावाने माझ्यासोबत या भिंती उभ्या केल्या. आठ वर्षे याच रेघेवर उभा राहिला आणि गेला. तो आता वळू शकत नाही. त्याच्या नमाजचं काय?’’

वाचकहो, हा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वी मदीनेत विचारला गेला आहे. हिजरतीनंतर सोळा-सतरा महिने प्रेषित मुहम्मद (स.) आणि मुस्लिम बैतुलमुकद्दसकडे तोंड करून नमाज अदा करत. मग काबागृहाकडे वळण्याचा आदेश आला. सहीह बुखारीत हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांच्या कथनात येते की, जुन्या किब्ल्यावरच नमाज अदा करत जे बांधव वारले होते, त्यांच्याबद्दल काय म्हणावे हे लोकांना कळेना. त्यावर सूरह अल-बकरहच्या 143 व्या आयतीने दिलासा दिला की, अल्लाह तुमचा ईमान वाया जाऊ देणारा नाही. तो माणसांवर अत्यंत दयाळू व कृपाळू आहे. इथे मुफस्सिरांनी लक्षात आणून दिले आहे की, प्रश्न नमाजचा होता आणि उत्तरात शब्द आला तो ईमान.

मदीनेतले लोक आदेशानुसार वागत होते आणि आमची चूक अंदाजाची होती, हा फरक आहेच. त्यासाठी फिकहचे उत्तर असे: काबागृहापासून दूर असलेल्याने शक्य तेवढा शोध घ्यावा. हनफी मतानुसार दूरच्या माणसाला काबागृहाची बाजू पुरेशी असते आणि दोन्हीकडे 45 अंशांपर्यंतचा फरक नमाज बाद करत नाही. आमचा फरक त्या आत होता. शाफई मतात खुद्द काबागृहाच्या रोखावर अधिक भर आहे. त्या मताच्या बांधवांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. मी चाचांना म्हणालो, ‘‘तुमच्या भावाची नमाज झाली, इन्शाअल्लाह. तिचा स्वीकार ज्याच्या हाती आहे, त्याला नियत दिसते.’’ ते काही बोलले नाहीत. डोळे पुसून त्यांनी विचारले, ‘‘असरला किती वेळ आहे?’’

या पाठातून काय घ्यावे

पहिली गोष्ट, तपासणे म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे. सूर्याला सावलीचा मार्गदर्शक करणाऱ्यानेच आपल्याला पाहण्याची आणि मोजण्याची बुद्धी दिली. आपल्या मशिदीचा रोख 28 मे रोजी जरूर पडताळून पाहा. एखादा दिवस मागेपुढे झाला तरी फरक नगण्य असतो. सूर्याकडे थेट पाहू नका, सावली पाहा.

दुसरी गोष्ट, खरे असलेले ज्ञानही बोचऱ्या स्वरात सांगितले की सफ तुटते. तरुणाचा मोबाईल चूक दाखवू शकत होता. पण ओळंबा धरायला चाचांचाच हात लागला.

तिसरी गोष्ट, वळण्यात अपमान नाही. कुबा येथील मशिदीत लोक फज्रच्या नमाजमध्ये असताना किब्ला बदलल्याची वार्ता आली आणि ते नमाजमध्येच फिरले. मदीनेहून बैतुलमुकद्दस उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला. म्हणजे त्यांना पूर्ण मागे वळावे लागले. ‘आजवर आपण कुठे उभे होतो’ याची चर्चा करत ते थांबले नाहीत. आम्हाला तर केवळ 35 अंश वळायचे होते, आणि तेवढ्यासाठी मी दोन रात्री झोपलो नव्हतो.

त्या दिवशी असरला चटया नव्या रेघेवर अंथरल्या गेल्या. भिंत तिरकी दिसत होती, सफ सरळ होती. चाचा पहिल्या सफेत होते आणि त्यांच्या शेजारी तो तरुण. सात वर्षांच्या त्या मुलाला मी नंतर उत्तर दिले की, सावली कुठे जात नाही बाळ, ती आपल्या पायांखाली येते आणि सूर्य ढळला की पुन्हा निघते.

अल्लाह आपल्याला त्याच्या सृष्टीतील निशाण्या डोळसपणे पाहण्याची, चूक कळल्यावर वळण्याची आणि वळताना सोबतच्याचा हात न सोडण्याची तौफिक देवो. आमीन.