एक घर, चार बिऱ्हाडं, एक पॉलिसी

(नाहूरमधलं जुनं एकमजली घर. वर मालकांचं कुटुंब, खाली तीन भाडेकरू. भाची याच घरातली; मामा विमा सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेले.)

भाची: मामा, घराला साठेक वर्षं झाली. एवढ्या जुन्या घराचा विमा कोण उतरवणार?

मामा: उतरवतात की. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक पॉलिसी आहे. आगीचा विमा करणाऱ्या सगळ्या कंपन्यांना ती ठेवावीच लागते. पण मला सांग, रक्कम किती लावशील?

भाची: नाहूरचे भाव बघ ना. दोन कोटी तरी.

मामा: इथेच लोक चुकतात. तो भाव जागेचा, स्टेशनचा, गोरेगाव-मुलुंड लिंक रोडचा. जमीन जळत नाही. विमा बांधकामाचा, म्हणजे हेच घर पुन्हा उभारायला जो खर्च येईल त्याचा. धर, चटई क्षेत्र 1,800 चौरस फूट आणि फुटाला 2,500 रुपये. झाले 45 लाख. घरातल्या सामानाला आपोआप त्याच्या 20 टक्के, म्हणजे 9 लाख. कमाल मर्यादा 10 लाख. दागिन्यांचं कलम वेगळं घ्यावं लागतं. पूर्वी विम्याची रक्कम कमी पडली की क्लेमही त्याच प्रमाणात कापायचे. या पॉलिसीत ती कापाकापी नाही, मात्र क्षेत्रफळ खरं लिही.

भाची: आणि 26 जुलैसारखं पाणी शिरलं तर?

मामा: 2005 साली सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता. तसला पूर येतो पॉलिसीत. आग, वीज, वादळ, भूकंप, दंगल, टाकी किंवा पाइप फुटणंही येतं. दर पावसाळ्यात गच्चीतून झिरपणारं पाणी मात्र येत नाही. सर्व्हेअरचं निम्मं काम हेच असतं, ओल या आठवड्यातली की दहा वर्षांची ते ओळखणं. मालक काहीही सांगो, सळईचा गंज खोटं बोलत नाही.

भाची: समजा, घर कोसळलंच?

मामा: कशाने, ते आधी विचारतील. नुसतं कोसळणं पुरत नाही. पूर, भूकंप, दरड असं पॉलिसीत नाव घेतलेलं कारण लागतं. घाटकोपरची कोसळलेली साईदर्शन इमारत आठवते? 25 जुलै 2017, 17 माणसं गेली. तळमजल्यावर फेरफाराचं काम चालू होतं. उद्या तुमच्या खालच्या भाडेकरूने मोरी वाढवायला भिंत फोडली आणि वरचा भाग बसला, तर कंपनी हात वर करेल. म्हणून कुणाला काय तोडू देता, यावर लक्ष ठेवा. शिवाय 30 वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्यातच सांगितली आहे. तो अहवाल कपाटात ठेवून उपयोग नाही, त्यातली दुरुस्ती करायची असते.

भाची: दुरुस्ती म्हाडा करत नाही का?

मामा: ती शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींची. उपनगरात ते दुरुस्ती मंडळ नाही. इथे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे जबाबदारी मालकाची.

भाची: आणि भाडं ते पागडीचं! महिन्याला येतं ते प्लास्टरच्या एका पोत्यालाही पुरत नाही.

मामा: (हसून) मालकांची ही रड मला पटते. विमा उतरवलेल्या कारणाने घर राहण्याजोगं उरलं नाही, तर बुडालेलं भाडं पॉलिसी देते. पण पागडीचं भाडं बुडून बुडणार किती? त्यातलाच दुसरा भाग तुम्हाला खरा उपयोगी, तुमच्या तात्पुरत्या पर्यायी घराचं भाडं. आणि घर पडलं म्हणजे भाडेकरू सुटला असंही समजू नका. इमारत गेली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितलंय.

भाची: भाडेकरूंचं सामान आपल्या पॉलिसीत?

मामा: नाही. त्यांचे फ्रिज, कपाटं त्यांनी आपापली उतरवायची. भाडेकरूलाही नुसत्या सामानाची पॉलिसी मिळते. हे त्यांना आधीच सांग, नाहीतर पुरानंतर तुझ्याच दारात येतील. आणि पुढच्या खोलीतल्या काकू ब्लाउज शिवतात ना? घरगुती शिवण असेल तर गोष्ट वेगळी, पण चार मशिनं आणि कामाला मुली असतील तर तो धंदा झाला. प्रस्तावात ते स्पष्ट लिहायचं.

भाची: छज्ज्याचा तुकडा कुणाच्या डोक्यात पडला तर?

मामा: ते यात नाही. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीची जबाबदारी या मूळ पॉलिसीत नसते. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचं कलम असलेली गृहस्थांची पॅकेज पॉलिसी बघ. इतकी बिऱ्हाडं एका जिन्यावरून ये-जा करतात, तिथे मी तरी ते कलम सोडणार नाही.

भाची: मग उद्याच फॉर्म भरते.

मामा: थांब. मिळकत पत्रिकेवर नाव कुणाचं?

भाची: अजून आजोबांचंच.

मामा: आणि ते जाऊन किती वर्षं झाली? क्लेमच्या वेळी पहिला कागद तोच मागतील. सिटी सर्व्हे कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज द्या. तोवर प्रस्तावात सगळ्या वारसांची नावं घाला, तुझ्या बाबांचं आणि दोन्ही आत्यांचंही.