पत्रकारिता सोडायचीच असेल, तर पालिकेकडे पाहा

निकालांचा हंगाम आला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मुलाने चार वर्षं पत्रकारिता केली, हाती फारसं काही लागलं नाही, आता त्याला यूपीएससीला बसवू का? बसवू नका. जागा हजाराच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांच्या घरात, अशा रांगेत तो पुन्हा शून्यापासून उभा राहणार. चार वर्षं पालिका बीट केलेल्या मुलाला त्या रांगेतल्या बहुतेकांना नसलेलं एक ज्ञान असतं, आणि आपण ते फेकून द्यायला निघालो आहोत. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, स्थायी समितीचं इतिवृत्त, अंदाजपत्रकातले सुधारित आकडे, लेखापरीक्षणातले आक्षेप हे सगळं त्याला वाचता येतं. 1993 मध्ये अमलात आलेल्या 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 विषय मांडले. पाणीपुरवठा, घनकचरा, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, जन्म-मृत्यूची नोंद, सगळे त्यात आहेत. यातला प्रत्येक विषय कागदावर नीट समजून घेऊन लोकांना सोप्या भाषेत सांगणारा माणूस पालिकांना हवा असतो. हा विचार नवा नाही. ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा, आणि तो खरा आहे. एकविसाव्या वर्षी नगरसेवकपदासाठी उभं राहता येतं, पण नगरसेवकाला मानधन मिळतं, पगार नव्हे. शिवाय 2022 पासून राज्यातल्या कित्येक महापालिका निवडणुकांविना प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात नगरसेवक हे पदच उरलं नव्हतं. म्हणून निवडणुकीकडे पोटापाण्याचं साधन म्हणून पाहू नका. पगाराची वाट वेगळी आहे. महापालिकांचे जनसंपर्क विभाग आहेत. राज्याच्या माहिती खात्यातल्या जिल्हा माहिती अधिकारी पदासाठी तर पत्रकारितेचा अनुभव जमेचाच ठरतो. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था 1926 पासून पालिका कारभाराचं प्रशिक्षण देत आली आहे. मुख्याधिकारीपद मात्र राज्यसेवेतून मिळतं, म्हणजे पुन्हा तीच रांग. तिच्या नादी इथेही लागू नका.

दुसरा आक्षेप तटस्थतेचा, आणि तो पैशापेक्षा गंभीर आहे. काल ज्यांना प्रश्न विचारले, आज त्यांच्याच पगारावर कसं जायचं? उत्तर एकच: बातमीदारी पूर्ण सोडून जायचं. केळकरांच्या काळात दोन्ही भूमिका एका माणसाला पेलता आल्या असतील, आज त्या एकत्र ठेवू नयेत. पालिकेचं काम आणि त्याच पालिकेच्या बातम्या एका हातून निघू लागल्या की दोन्ही बिघडतात. इथे पालकांना थेट सांगायला हवं. ‘तुझी आयुक्तांशी ओळख आहे, कुठेतरी चिकटून घे’ हा घरातला तगादा मुलाला संपवतो. ओळखीने मिळालेल्या खुर्चीत त्याला फक्त होकार द्यायचा असतो, मग फायली वाचण्याचं त्याचं कौशल्य काय कामाचं? नातेवाइकाचं बिल काढून दे, कंत्राटात नाव घाल, हा पुढचा आग्रह तर त्याला कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकतो. नगरसेवक असेल, तर पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध निघाल्यास पदही जातं.

निर्णय घेण्याआधी मुलाने आपल्या गावच्या पालिकेचं यंदाचं अंदाजपत्रक आणि एका सभेचं इतिवृत्त मिळवावं. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अंदाजपत्रकाची माहिती पालिकेने स्वतःहून जाहीर करायची असते. इतिवृत्त दिसलं नाही, तर अर्ज करावा. ते वाचताना तीन प्रश्न आपसूक सुचले, तर पुढे जावं. कंटाळा आला, तर ही वाट त्याची नाही, आणि आई-वडिलांनी त्याला तिच्यावर ढकलू नये.