नीतीची कसोटी कोणती?

जगात नीतीच्या अनेक व्यवस्था आहेत आणि प्रत्येक व्यवस्था स्वतःला श्रेष्ठ म्हणवते. मग एक नीती दुसरीपेक्षा चांगली, हे ठरवावे कसे? केसपुत्त नगरीच्या कालामांपुढे हीच अडचण होती. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात हा प्रसंग आला आहे. येणारा प्रत्येक उपदेशक आपल्या मताची थोरवी गातो व दुसऱ्याचे तुच्छ लेखतो; खरे कोणाचे मानावे, असे त्यांनी भगवान बुद्धांना विचारले.

तथागतांनी त्यांना कसोटी दिली. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतात, एवढ्यावर विसंबू नये. त्या शिकवणुकीने लोभ, द्वेष, मोह वाढतात की घटतात, आचरणाने हित होते की अहित, सुज्ञ तिची निंदा करतात की प्रशंसा, हे स्वतः पारखावे.

ही कसोटी महाडला लावून पाहू. चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत, अस्पृश्यांना मात्र मनाई होती. रूढी जुनी होती, तिला ग्रंथाचा आधार होता. पण तिने माणसाचे अहित केले. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले.

काहीजण म्हणतात, ‘ज्याची त्याची नीती, दुसऱ्याने न्याय करू नये.’ हे मान्य केले तर महाडचा अन्यायही अन्याय ठरत नाही. शिवाय दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. ज्या व्यवस्थेने आपल्याला मान दिला, तिचीही चिकित्सा माणूस करू शकतो, हे यावरून दिसते.

तेव्हा कोणत्याही नीतीला तीन प्रश्न विचारावेत. तिच्या तळाशी असलेल्या माणसाचे काय होते? नियम करणारा त्या जागी असता तर त्याने तो नियम मानला असता काय? आणि तिला प्रश्न विचारण्याची मोकळीक आहे काय?

विद्यार्थी मित्रांनो, हीच मोजपट्टी आपल्याही घराला लावली पाहिजे. लग्न ठरवताना पोटजात पाहिली, हुंडा घेतला, मुलीचे शिक्षण अर्ध्यावर थांबवले, तर त्या घरातील नीती या परीक्षेत नापास होते. भिंतीवर तसबीर कोणाची आहे, याने निकाल बदलत नाही.