होडीचे जुने इंजिन अडखळू लागले तर



गोव्यात मांडवीच्या आणि कुंभारजुवे कालव्याच्या काठाने ज्यांची खाजणे आहेत, त्यांतल्या कित्येकांना शेतावर जायला पाण्याची वाट सोपी पडते. होडीच्या मागच्या फळीला जुने, छोटे आउटबोर्ड इंजिन अडकवलेले असते. भाताची पोती, नारळ, घरची माणसे, सगळा भार त्याच्यावर. असे इंजिन कधी घुमू लागले, कधी दम टाकू लागले, की आपला हात प्रथम कारबुरेटरच्या स्क्रूकडे जातो. आम्हीही तेच केले आणि दोन रविवार स्क्रू फिरवीत बसलो. दोष निघाला टाकीच्या झाकणात! हवा आत जाण्याच्या भोकात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. हवा नाही म्हणून पेट्रोल उतरत नव्हते.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला आहे: आधी पेट्रोल, मग ठिणगी आणि स्क्रू सर्वांत शेवटी.

झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, हे पाहावे. इंजिन पाच-दहा मिनिटे बरे चालून मग मरगळते आणि झाकण सैल करताच सावरते, तर दुखणे तिथेच. वेगळी टाकी असेल तर नळीत रबरी फुगा असतो. इंजिन दम टाकू लागताच तो दाबत राहावे. दाबल्याने चाल सुधारली, तर ठिणगीच्या मागे लागू नये. नळीला चीर गेली असेल, गाळणी तुंबली असेल किंवा पेट्रोल-पंपाचा पातळ पडदा फाटला असेल.

पेट्रोलाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात सुमारे २० टक्के इथेनॉल असते. चाळीस वर्षांपूर्वीची इंजिने त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल जुने रबर मऊ करते आणि हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह तळाशी बसते. आपण मिसळलेले तेल मात्र वरच्या पेट्रोलातच राहते. इंजिन तळाचे ओढते, म्हणजे ते तेलावाचून चालते. म्हणून टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवावे. सकाळी दोन थर दिसले तर ते पेट्रोल वापरू नये. पावसाळाभर पडून राहिलेल्या पेट्रोलाचा तर मोहच धरू नये.

पेट्रोल कमी पडत असताना इंजिन तसेच रेटणे हीच मोठी चूक आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलातूनच मिळते. पेट्रोल कमी तर तेलही कमी, आणि उष्णता जास्त. पिस्टन धरला की शंभर रुपयांच्या नळीचे काम हजारोंवर जाते. धूर होतो म्हणून तेल कमी घालणारेही आहेत. त्यांनी तसे करू नये. पुष्कळ जुन्या इंजिनांना १:२५ म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर तेल लागते, नंतरच्यांना १:५० म्हणजे २०. आपल्या इंजिनाचे प्रमाण काय, ते त्याच्या पुस्तिकेत पाहावे.

आता प्लग. दोन सिलिंडरचे इंजिन असेल तर दोन्ही काढून शेजारी ठेवावेत. तपकिरी रंग चांगला. पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी. एक तपकिरी आणि दुसरा काळा, ओला असेल, तर ते सिलिंडर पेटत नाही. प्लगांची अदलाबदल करावी. दोष प्लगाबरोबर गेला तर नवा प्लग घ्यावा, जागेवरच राहिला तर कॉइल किंवा पॉइंट पाहावेत. खाऱ्या हवेने पॉइंट गंजतात. ठिणगी पाहताना प्लगचा धातू इंजिनाला टेकवावा, टोपी कोरड्या, रबरी मुठीच्या पक्कडीने धरावी, आणि जवळ पेट्रोल किंवा विडी नसावी.

एवढे करूनही सुधारले नाही तर कारबुरेटर उघडावा. स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत बसवून किती फेरे झाले ते लिहून ठेवावे. पितळी जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठे होते. सायकलच्या पंपाने हवा मारली की पुरते. त्यानंतरही एका सिलिंडरचा दाब कमी वाटला, तर मिस्त्रीकडे न्यावे.

चाचणी घेताना इंजिन कोरडे चालवू नये, पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा लगेच जळतो. पाण्याने भरलेल्या पिंपात खालचा भाग बुडवून चालवावे आणि मागून पाण्याची धार पडते ना, ते पाहावे. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी भरतीच्या वेळी, काठाकाठाने मारावी. ओहोटीत इंजिन बंद पडले तर होडी समुद्राकडे ओढली जाते. निघण्यापूर्वी वल्ही आणि नांगर होडीत आहेत ना, ते पाहावे.